पायाचं बोट सुजलं, तर गोळीआधी काय पाहाल?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांना कुलपं लागायला सुरुवात होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरला, तर कुणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने सगळी भिस्त हातापायांवर. पहाटेच्या अंधारात फडात शिरायचं, बुडातून छाटलेल्या उसाच्या टोकदार बुडख्यांमधून दिवसभर वावरायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून चढायचं. पायात बहुतेकांच्या रबरी किंवा प्लॅस्टिकची चप्पल असते, पाचटाखाली काय आहे ते दिसत नाही.

अशा माणसाच्या पायाचं बोट सुजलं, तर तो दवाखान्याची वाट धरत नाही. काम चुकलं की खाडा पडतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे एकाच्या दुखण्यात दोघांची मजुरी बुडते आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहते. मग मेडिकलमधून दुखीची गोळी आणली जाते, नाहीतर जवळच्या गावात एक इंजेक्शन टोचून घेतलं जातं. ठणका थांबतो आणि माणूस पुन्हा फडात उभा राहतो. हा लेख ती गोळी तोंडात टाकण्याआधी वाचावा, एवढ्यासाठी लिहितो आहे. ऊसतोडीला न जाणाऱ्यांनीही वाचावा. शेतकरी, दुकानदार, पायी दिंडीला जाणारे वारकरी, घरातली वयस्कर माणसं, यांच्या पायांनाही हेच आजार होतात.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. लाल, गरम, सुजलेलं बोट वरून सारखंच दिसतं, पण आत चाललेलं निरनिराळं असू शकतं. सांध्यात यूरिक ॲसिडचे स्फटिक साचलेले असतील, नखाच्या कडेला पू झालेला असेल, हाड मोडलेलं असेल, काटा रुतून बसला असेल किंवा बोटाचा रक्तपुरवठाच तुटत चालला असेल. आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. यूरिक ॲसिडच्या दुखण्यात डॉक्टर विचारपूर्वक स्टिरॉइड देतात आणि त्यानं आराम पडतो. तेच स्टिरॉइड मधुमेही माणसाच्या पू झालेल्या बोटाला दिलं, तर साखर भडकते आणि पू वर सरकतो. म्हणून आधी आजाराचं नाव कळायला हवं.

निदान डॉक्टरच करतील, पण घरच्या घरी पाहण्यासारखं बरंच असतं. पाय साध्या पाण्यानं धुवा, पुसा आणि उजेडात दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहा. सूज नेमकी कुठे आहे? नखाच्या कडेला, सांध्यावर, दोन बोटांच्या बेचक्यात, की अख्खं बोट फुगलं आहे? हाताच्या पाठीनं स्पर्श करून दोन्ही पायांतली ऊब ताडून बघा. सुजलेलं बोट दुसऱ्या पायापेक्षा गरम असेल तर दाह किंवा जंतुसंसर्ग, गार आणि निळसर असेल तर रक्तपुरवठ्याची शंका. मग एक साधी चाचणी करा. माणसाला डोळे मिटायला सांगा आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपल्या बोटाच्या टोकानं, न दाबता, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी हलकेच स्पर्श करा. स्पर्श कळला की त्यानं ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून चाला. अशा पायाची सूज दुखत नसली तरी धोका जास्त असतो, कारण दुखून सावध करण्याची सोयच त्या पायात उरलेली नसते.

फडातल्या जखमा

बीडकडच्या माणसांत सुजलेल्या बोटाचं कारण पुष्कळदा साधी इजा असते. उसाचा बुडखा अंगठ्याच्या कडेला घुसतो, ठेच लागते, कोयता निसटतो. बैलगाडीवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत बैलाचा खूर बोटावर पडतो. खुराखाली चेंगरलेलं बोट तासाभरात टम्म फुगतं, नखाखाली रक्त साकळून नख काळंनिळं होतं आणि रात्रभर ठणकतं. अशा बोटाचा एक्स-रे काढायला हवा. ‘बोट हलतंय म्हणजे मोडलेलं नाही’ हा समज चुकीचा आहे, मोडलेलं बोटही हलतं. लहान बोटाचं हाड जागेवरून सरकलेलं नसेल, तर मध्ये कापूस ठेवून ते शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधतात आणि साधारण तीन ते सहा आठवड्यांत ते जुळतं. अंगठ्याची गोष्ट वेगळी. चालताना शरीराचा भार त्याच्यावर येतो, म्हणून अंगठा मोडला असेल तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय भागत नाही. बोट वाकडं झालं असेल, किंवा हाड मोडून वरची कातडी अथवा नखही फाटलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उघड्या जखमेतून जंतू हाडापर्यंत पोचतात.

कोयता लागला तर स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरा, पाय उंच ठेवा. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घ्या, सरकारी दवाखान्यात ते मिळतं. जखमेवर राख, शेण, डिझेल, तंबाखू यातलं काहीही लावू नका. बिब्ब्याबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे काट्यावर आणि भेगांवर बिबा घालायची जुनी सवय आहे. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. त्यानं फोड येतात, त्या फोडांतून नवा संसर्ग शिरतो, आणि मूळ जखम कुठली व भाजलेलं कुठलं हे ओळखणं डॉक्टरांनाही अवघड होतं.

काट्याचं दुखणं फसवं असतं. बाभळीचा किंवा बोरीचा काटा मोडून आत राहिला की वरचं भोक चार दिवसांत बुजतं. नंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, सांधा सुजतो. गोळ्या खाल्ल्या की उतरतो, थांबवल्या की पुन्हा सुजतो. एक्स-रेमध्ये लाकडाचा काटा सहसा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय मिटवू नका. सोनोग्राफीत तो बहुधा सापडतो. काटा काढेपर्यंत सूज पुरती जात नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा: अमुक महिन्यात इथं काटा मोडला होता.

नखुरडं बहुतेकांना माहीत असतं. नख कडेनं मांसात रुततं, कड लाल होते, पू धरतो. याचं मूळ नख कापण्याच्या पद्धतीत असतं. कोपरे गोल, खोलवर कापले की नख वाढताना मांसात घुसतं. नख सरळ रेषेत कापा, कोपऱ्यांना हात लावू नका. सुरुवातीच्या दुखण्यात कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवा, नीट कोरडा करा आणि पुढून मोकळी चप्पल घाला. हे फक्त पायाची संवेदना शाबूत असणाऱ्यांसाठी. पू साठला असेल तर डॉक्टर बोट बधिर करून पू काढतात, आणि वारंवार होत असेल तर नखाची रुतणारी कड कायमची काढून टाकतात. ही लहानशी शस्त्रक्रिया आहे आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. सुजलेल्या बोटावर लिंबाची टोपी चढवून आठ-आठ दिवस काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चिखल्यांकडे कुणी गांभीर्यानं पाहत नाही. ओल्या पायांनी काम केल्यावर बेचक्यात होणारा हा बुरशीचा आजार. साध्या बुरशीविरोधी मलमानं तो जातो, मात्र खाज थांबल्यावरही एक-दोन आठवडे मलम लावत राहावं लागतं. मेडिकलमध्ये मिळणारी, चार औषधं एकत्र केलेली स्टिरॉइडची ट्यूब टाळा, तिनं बुरशी दबते आणि नंतर उफाळते. चिखल्यांच्या भेगेतून शिरलेले जंतू अख्खा पाय सुजवू शकतात.

रात्रीतून फुगलेला अंगठा

संध्याकाळी माणूस ठणठणीत असतो. मध्यरात्रीनंतर अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो की वरची गोधडीही सहन होत नाही. सकाळी सांधा लालभडक, चकचकीत, गरम. इजा काहीच नाही. ही गाऊटची ओळख. आयुर्वेद याला वातरक्त म्हणतो. गाऊटचा पहिला झटका साधारण निम्म्या रुग्णांना अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यातच येतो.

रक्तातलं यूरिक ॲसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते विरघळलेलं राहत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि गार, म्हणून स्फटिक तिथं आधी बसतात. उन्हात घाम गाळून पुरेसं पाणी न पिणं, दारू (त्यातही बिअर), काळीज-वजडी-मटणाचा मारा, मूत्रपिंडाचा आजार, लठ्ठपणा, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, या सगळ्यांनी यूरिक ॲसिड वाढतं.

इथं ऊसतोडणी करणाऱ्या बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. फडात आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाळी सुरू असेपर्यंत शरीरातलं इस्ट्रोजेन यूरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं, त्यामुळे तरुण बायकांना गाऊट क्वचित होतो. पण बीडमध्ये कमी वयात गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या किती मोठी आहे, हे आता सगळ्या राज्याला माहीत आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीसाठी २०१९ मध्ये तपासल्या गेलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेनचं संरक्षण तिशी-पस्तिशीतच संपतं. अशा बाईचा अंगठा रात्रीतून सुजला, तर ‘एवढ्या लहान वयात बाईला गाऊट कसा होईल’ असं म्हणून तो सोडून देऊ नये. तिनंही डॉक्टरांना शस्त्रक्रियेचं सांगावं, कागद असतील तर दाखवावेत. अशा बायकांची हाडंही लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे किरकोळ ठेचेनं बोट मोडण्याची शक्यताही लक्षात ठेवावी.

निदानात एक खाचखळगा आहे. ऐन झटक्यात रक्तातलं यूरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. तेवढ्यावरून गाऊट नाही असं ठरत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. उलट बाजूही आहे. पुष्कळांचं यूरिक ॲसिड वाढलेलं असतं आणि त्यांना कधीच गाऊट होत नाही. रिपोर्टमधला एक आकडा पाहून वर्षानुवर्षं गोळ्या खाण्यात अर्थ नाही. शंका राहिली तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहतात, आणि त्याच पाण्यातून सांध्यात पू तर नाही ना हेही कळतं. सोबत ताप, हुडहुडी असेल तर ही तपासणी टाळू नये.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि गोंधळ होतो तो इथंच. झटका शमवायला कोल्चिसिन, दुखी-सूज कमी करणाऱ्या गोळ्या किंवा स्टिरॉइड. हे औषध जितकं लवकर सुरू होईल तितका आराम लवकर. बर्फाची पिशवी कपड्यात गुंडाळून ठेवली तर बरं वाटतं, पण पायाची संवेदना शाबूत असेल तरच. दुसरा भाग यूरिक ॲसिड कमी करण्याचा. ज्यांना वर्षात दोन किंवा जास्त झटके येतात, सांध्याजवळ गाठी झाल्या आहेत किंवा मुतखड्याचा, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी सुरू करतात. बहुधा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेनं सुरुवात करून, यूरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत मात्रा हळूहळू वाढवतात. ही गोळी लांब पल्ल्याची आहे. पहिल्या काही महिन्यांत झटके वाढल्यासारखे वाटतात, तेव्हा लोक ती सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. अंगावर पुरळ उठलं किंवा तोंड आलं, तर मात्र गोळी ताबडतोब थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. क्वचित ही ॲलर्जी जिवावर बेतते.

दुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा. दिवसभर उन्हात, पोटात पाणी कमी, आणि वर डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज दोनदा, हे मूत्रपिंडाला परवडत नाही. मूत्रपिंड कमजोर झालं की यूरिक ॲसिड आणखी साठतं आणि गाऊट आणखी चढतो.

पथ्याच्या नावाखाली घरोघरी तुरीची डाळ, पालक, हरभरा, मठ सगळं बंद केलं जातं. डाळी-भाज्यांमधल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढत नसल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसून आलं आहे. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक हे खुशाल खा. दारू आणि काळीज-वजडी बंद, मटण-मासळी बेतानं, बाटलीतली गोड पेयं नकोत आणि पाणी भरपूर. कष्टकरी माणसाची डाळ तोडून त्याला अशक्त करण्यात काही शहाणपण नाही.

साखर आधी तपासा

या सगळ्यात पाय गमावण्याची वेळ आणणारं कारण मधुमेह. कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे पाय चिघळल्यावरच कळतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: तीस वर्षांवरच्या कुणाचंही पायाचं बोट सुजलं आणि दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर रक्तातली साखर तपासल्याशिवाय उपचार पुढे नेऊ नयेत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली, तर मधुमेह आहे असं धरून पुढची पावलं उचलावी लागतात.

मधुमेही पायाला गरम पाण्याचा शेक, गरम विटेचा शेक, वाळू तापवून शेक, काहीही चालत नाही. चटका लागलेला कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. कुरूप काढायची औषधी पट्टी लावू नका, ब्लेडनं कुरूप तासू नका. जखम असेल तर त्या पायावरचा भार कमी करणं हाच मुख्य उपचार. अँटिबायोटिक कितीही भारी असलं, तरी त्याच जखमेवर दिवसभर चालत राहिलं तर ती भरत नाही. फडातल्या माणसाला हे सांगणं किती कठीण आहे याची मला जाणीव आहे, पण आठ दिवस बसला तर वाचणारं बोट महिनाभर चालून काढून टाकावं लागतं, आणि मग पुढचे हंगामही जातात.

जखमेतून पांढरं हाड दिसत असेल किंवा बोट फुगीर, लाल होऊन आठवडे तसंच राहिलं असेल, तर हाडात संसर्ग असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. पाऊल गरम, लाल, सुजलेलं, पण दुखत नाही आणि जखमही नाही, अशी अवस्था मधुमेह्यांमध्ये आतली हाडं ढासळत असल्याची खूण असू शकते. त्या पायानं चालणं लगेच थांबवा.

साखर नॉर्मल असून पाय बधिर असेल, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. आणि बिडी-तंबाखू असणाऱ्या, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये बोट गार, निळं-काळं पडत असेल, रात्री पाय खाली लोंबता सोडल्यावरच बरं वाटत असेल, तर रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजाराची शंका घ्या. त्यात तंबाखू पूर्ण सोडली तरच पाय वाचतो. मशेरीही तंबाखूच आहे.

बोट काळं पडणं, लाली पावलावर किंवा घोट्याकडे चढणं, ताप, दुर्गंधी, मधुमेह्याच्या पायाला कुठलीही जखम, ही लक्षणं दिसली तर उद्यावर टाकू नका. १०८ ला फोन करा. जिल्ह्यात बीडचं जिल्हा रुग्णालय आहे आणि अंबाजोगाईला १९७४ पासूनचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कारखान्याच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही हेच लागू आहे, तुम्ही बाहेरगावचे असलात तरी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना विनंती अशी. टोळी निघण्याआधी घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं गावातल्या उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ज्यांना गोळ्या सुरू आहेत त्यांनी हंगाम पुरेल एवढ्या मागून घ्याव्यात आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ओल्या वाळूच्या माठात डबीत घालून ते ठेवावं, उन्हात नको. पायात पट्ट्याची चप्पल न घालता बोटं झाकणारे बूट घालावेत. कोपीवर आल्यावर रोज रात्री नवऱ्यानं बायकोचे आणि बायकोनं नवऱ्याचे पाय उजेडात पाहावेत. आणि मुकादमांनो, सुजलेल्या पायाचा माणूस दवाखान्यात गेला, तर त्या दिवसाचा खाडा लावू नका.